पाच नंबरची थरथर

अंगठा वाजायला लागला तो बुधवारी, संध्याकाळच्या चहाला.

पेला हलतोय असं वाटून त्याने तो टेबलावर ठेवला. पेला गप्प, टेबल गप्प. उजव्या हाताचा अंगठा मात्र काडेपेटीत कोंडलेल्या भुंग्यासारखा घुमत होता. त्याने अंगठा मुठीत दाबला, मग काखेत धरला, शेवटी थंड पाण्याच्या नळाखाली धरला. फरक शून्य.

"साखर वाढली असेल. उद्या तपासून घ्या," बायको म्हणाली.

"ही साखर नाही."

"मग काय आहे?"

त्याने जरा वेळ अंगठ्याकडे कान दिल्यासारखं केलं. टरररर चालायचं, मधेच एक टाका सुटायचा, पुन्हा टरररर. ही थरथर त्याच्या ओळखीची होती. पाच वर्षं, आठवड्यातून तीनदा, त्याने ती याच अंगठ्याखाली धरली होती.

"शिंपीकाका आहेत," तो म्हणाला.

बायकोने चहाची भांडी उचलली. "अहो, त्यांना जाऊन तीन आठवडे झाले. लोकांच्या हाताला हात लावून लावून तुमचं डोकं गेलंय."

शिंपीकाका कोण आणि हा कोण, ते आधी सांगायला हवं. किडन्या निकामी झालेल्या माणसाचं रक्त दिवसाआड मशीनमधून धुऊन काढावं लागतं. त्याला डायलिसिस म्हणतात हे आता पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण त्यासाठी हातातली एक धमनी शेजारच्या शिरेला जोडून जाडजूड शीर तयार करतात, तिला फिस्टुला म्हणतात, आणि तिच्यावर बोट ठेवलं की आत रात्रंदिवस थरथर लागते, हे ज्याच्या घरात ती आहे त्यालाच ठाऊक. प्रत्येकाची थरथर वेगळी. मास्तरीणबाईंची बारीक, शिट्टीसारखी. ड्रायव्हरची न्यूट्रलला उभ्या ट्रकसारखी. आणि शिंपीकाकांची थेट त्यांच्या पायाच्या मशीनसारखी.

या थरथरी ओळखणारा माणूस त्या डायलिसिस विभागात अठराव्या वर्षी झाडू मारायला लागला होता. मशीन उघडताना बघितली, जोडताना बघितली, सुया टोचताना बघितल्या. नळ्या धुता धुता शिकला आणि चाळिशीला आला तेव्हा टेक्निशियन म्हणून उभा होता. कागद कसलाच नाही. कागदवाल्या टेक्निशियननी जळून त्याचं नाव ठेवलं, अंगठेबहाद्दर. त्याने ते नाव बिल्ल्यासारखं छातीवर मिरवलं. कारण पेशंटांच्या लेखी त्याचा अर्थ दुसराच होता. चार तासांनी सुया काढल्या की हाताला दोन भोकं राहतात. रक्त उसळून येतं, ते दाबून धरावं लागतं. इतरांना दहा-दहा मिनिटं लागायची. हा गॉझच्या जाळीदार घडीवर अंगठा ठेवून मनात दोनशे मोजायचा, आणि उचलला की भोक बंद.

"माझ्या अंगठ्याखाली रक्त उभं राहतं," तो सांगायचा. फुशारकी होती, पण पोकळ नव्हती.

शिंपीकाका पाच नंबरच्या खुर्चीचे. टेपने हात मोजून दाखवायचे, "बघा, आज अर्धा इंच सुजलाय," आणि हसायचे. पहिल्याच महिन्यात त्यांनी पाहिलं की बायाबापड्यांना सुई टोचण्यासाठी अर्धं उघडं बसावं लागतं, एसीत कुडकुडावं लागतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी एक शर्ट शिवून आणला. डाव्या बाहीला कोपराच्या वर एक झडप, तिला तीन बटणं. झडप उघडा, सुई टोचा, बाकी अंग झाकलेलं. खिडकीची बाही. मास्तरीणबाईंनी पहिली मागितली. निवृत्त झाल्या तरी त्यांची छडी जिभेत शाबूत होती. "शिंपीदादा, आयुष्यभर पोरांना खिडकीबाहेर बघू नका म्हणून ओरडले, आणि आता स्वतःच खिडकी घालून बसणार." बघता बघता सगळ्या विभागाला खिडक्या बसल्या.

मग एका मंगळवारी शिंपीकाकांचं हृदय घरीच बंद पडलं. असं होतं डायलिसिसवाल्यांचं. तिसऱ्या दिवशी पाच नंबरवर नवी चादर आली.

आणि तीन आठवड्यांनी तिमाही तपासणीचे कागद आले. चार जण एकदम सी पॉझिटिव्ह. हिपॅटायटिस सी, म्हणजे यकृत आतून पोखरणारी कावीळ. रक्ताने रक्ताला लागते. चौघांत मास्तरीणबाई होत्या, ड्रायव्हर होता, आणि पलीकडच्या रांगेतले दोघे. चौघेही एकाच पाळीचे.

"चौघांना एकदम?" मास्तरीणबाई म्हणाल्या. मशीन चालू होतं, हात बांधलेला, पण मान अशी वळवली की वर्गच आठवावा. "ही काय पावडर लावून हवेतून आली?"

"कुणीतरी आणली," ड्रायव्हर गुरगुरला. "आणि कुणीतरी वाटली. वाटप करणारा कोण ते बोला."

"काय रे बहाद्दरा, तुझ्या हातून तर नाही ना गेली?"

मास्तरीणबाई अर्ध्या थट्टेतच म्हणाल्या होत्या. पण याच्या डोक्यात ठिणगी पडायला तेवढं पुष्कळ. बावीस वर्षं कागदवाल्यांचे टोमणे गिळलेला माणूस, त्याचा एकुलता एक मान त्या अंगठ्यात होता.

"माझ्या हातून? बावीस वर्षांत माझ्या हातून रक्ताची साधी गाठ आली नाही कुणाला! जे आजार लपवतात त्यांना विचारा. आणि लपवणारा आता उत्तर द्यायला उरला नसेल तर त्याला मी काय करू?"

नाव त्याने घेतलं नाही. डोळे तेवढे पाच नंबरच्या खुर्चीकडे गेले आणि परत आले. बस. अर्ध्या तासात ते वाक्य विभागभर फिरलं, संध्याकाळपर्यंत गल्लीत पोचलं, आणि संध्याकाळच्या चहाला त्याचा अंगठा वाजायला लागला.

पुढच्या सोमवारी खिडकीच्या बाह्या दिसेनाशा झाल्या. लोक पुन्हा अर्धे उघडे बसून कुडकुडू लागले. भीती माणसाला थंडीही विसरायला लावते. अंगठा आता दिवसभर घुमत असे. दाराची कडी धरली की घुमे, चमचा धरला की घुमे. सगळ्यात वाईट म्हणजे दुसऱ्याच्या फिस्टुलावर ठेवला की दोन थरथरी एकात एक मिसळायच्या, आणि याला कळायचं नाही की खालची जिवंत कुठली आणि वरची कुठली. ड्रायव्हरची शीर तपासताना त्याने तीनदा हात उचलला, तीनदा ठेवला.

"काय रेडिओ लावतोस काय?" ड्रायव्हर म्हणाला.

गुरुवारी काकू आल्या, शिंपीकाकांची बायको. हातात कापडी पिशवी. विभागाच्या दाराशी चपला काढून उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

"भाऊ, जरा येता?"

तो गेला. काकूंनी पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. आत घड्या घातलेले शर्ट.

"सतरा परत आलेत. एकाने तर काठीला अडकवून उंबऱ्यावर ठेवला. हातही लावला नाही."

"कपड्यातून लागत नाही काकू ही कावीळ."

"मला नका सांगू. ज्यांनी परत केले त्यांना सांगा." त्यांनी पिशवी मिटली. "मला एवढंच विचारायचंय. पाच वर्षं त्यांचा हात तुमच्या हातात होता. माझ्यापेक्षा जास्त वेळ तुम्ही धरलात. ते लपवतील का हो? चष्म्याचा नंबर वाढला तर आधी गिऱ्हाइकाला सांगणारा माणूस. म्हणायचे, टाका वाकडा आला तर बोला."

उत्तर त्याच्या जिभेवर होतं. तोंडातून निघालं भलतंच.

"चौकशी चालू आहे, काकू."

मोठ्या डॉक्टरांचं वाक्य आपल्या तोंडून ऐकून त्याचाच त्याला उबग आला. काकूंनी मान हलवली, चपला घातल्या. अंगठा इतका जोरात घुमायला लागला की त्याने हात पाठीमागे लपवला. जणू काकूंना ऐकू जाईल.

चौकशी चालू होती म्हणजे काय, तर समितीने दोनदा चहा घेतला आणि एक कागद लिहिला. संसर्ग बाहेरून आल्याची शक्यता. मृत रुग्णाने माहिती न दिल्याची शक्यता. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि संन्यासी मेलेला असला तर फारच सोयीचं. मेलेला माणूस अर्ज करत नाही.

पण एक बाई समितीत नव्हत्या. त्यांना सगळे पेशीवाल्या डॉक्टरीणबाई म्हणत. वर्षापूर्वी त्या डायलिसिसवाल्यांच्या रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी मोजायला आल्या होत्या. ज्यांना सी कावीळ आहे त्यांच्या आणि ज्यांना नाही त्यांच्याही, तुलना करायला. प्रत्येकाची परवानगी घेऊन एकेक जास्तीची नळी भरून नेली होती. शिंपीकाका तेव्हा म्हणाले होते, "घ्या, घ्या. माप घेऊन ठेवा. कापड कमी पडलं तर सांगा." ती नळी अजून बाईंच्या फ्रीझरमध्ये होती. शनिवारी दुपारी बाई आल्या आणि त्याला नळ्या धुवायच्या खोलीत गाठलं.

"पाच नंबरच्या पेशंटची जुनी नळी मी पुन्हा तपासली. त्यात विषाणू आहे."

त्याच्या छातीवरचा दगड हलला. "म्हणजे होतीच त्यांना! लपवलं होतं!"

"काय लपवलं? त्यांच्या पाच वर्षांच्या वीस तपासण्या तुम्हीच फायलीला लावल्यात. सगळ्या निगेटिव्ह."

"मग विषाणू असून निगेटिव्ह कशा?"

बाईंनी धुवायच्या सिंकाला टेकून सांगितलं. इथे जी तपासणी होते ती विषाणू शोधत नाही. विषाणू दिसल्यावर शरीराने जी आरडाओरड केली असेल, तिच्या खुणा शोधते. ती ओरड करायचं काम पेशींचं. "पण किडनी गेलेल्या माणसाच्या रक्तात विष साचून साचून त्या पेशी थकतात. संख्येने कमी होतात. ज्या उरतात त्याही पेंगतात. तुमच्या शिंपीकाकांच्या पेशी मी मोजल्या होत्या. इतक्या दमलेल्या मी क्वचित पाहिल्या. चोर घरात येऊन राहिला, जेवला, झोपला, आणि पहारेकऱ्याने हाकच मारली नाही. मग बाहेरच्यांना कसं कळणार? त्यांना स्वतःलाही कळलं नव्हतं."

त्याने वाहता नळ बंद केला.

"त्यांना कुठून लागली?"

"कधी रक्त चढवलं असेल. किंवा इथेच, कुणा दुसऱ्याकडून."

"आणि त्यांच्याकडून या चौघांना?"

बाई त्याच्या हातांकडे बघत होत्या. "ते रक्ताची नळी सांगत नाही. ते तुम्ही सांगायचं."

त्याला सांगायला नको होतं. त्याला ते बुधवारपासून ठाऊक होतं, बहुधा त्याआधीपासून. सगळ्या पाळीला एकाच वेळी लावलेलं असतं, त्यामुळे सुटायची वेळही एकच. पाच जण एकदम, पाचही जण "बहाद्दरा, इकडे" करणारे. ग्लोव्हजचा खोका दाराजवळच्या भिंतीला, वीस पावलांवर. प्रत्येक पेशंटनंतर जुने ग्लोव्हज टाकायचे, हात धुवायचे, नवे घालायचे, असा नियम दारावर लावलेला. याने त्यावर स्वतःची युक्ती काढली होती. हातात घातलेल्या ग्लोव्हजवरच स्पिरिट ओतायचं, चोळायचं, पुढच्याच्या भोकावर अंगठा. पावलं वाचली, रक्त लवकर थांबलं, सगळे खूश. ही युक्ती त्याने नव्यांनाही शिकवली होती. फक्त ज्यांच्या फायलीला लाल पट्टी, म्हणजे कावीळ आधीच सापडलेली, त्यांची मशीन कोपऱ्यात वेगळी, आणि तिथे हा दोन-दोन जोड्या घालायचा. लाल पट्टीला तो वाघासारखा भ्यायचा, आणि पट्टी नसलेल्याला घरच्यासारखा वागवायचा. शिंपीकाकांना पट्टी नव्हती. आणि त्यांचं रक्त सगळ्यात लवकर थांबायचं, म्हणून अंगठा पहिला त्यांच्यावर, मग सहा नंबरच्या मास्तरीणबाई, मग ड्रायव्हर, मग पलीकडची रांग.

तोच क्रम, तेच चौघे.

रविवारी सकाळी तो काकूंच्या घरी गेला. एकच खोली, खिडकीशी मशीन. काकू बसून कुणाच्या तरी उशांचे अभ्रे शिवत होत्या. सतरा शर्ट फळीवर रचून ठेवलेले, प्रत्येकाची डावी बाही वर, खिडकी बंद. त्याने टेबलावर हात टेकला आणि दचकून काढला. टेबलातून येणारी थरथर आणि अंगठ्यातली थरथर यांत केसाचाही फरक नव्हता.

काकूंनी पाय थांबवले. टेबल थांबलं. अंगठा चालूच.

त्याने सगळं सांगितलं. पेशींचं, स्पिरिटचं, क्रमाचं. पाच नंबरकडे बघून टाकलेल्या त्या वाक्याचंही. काकू सुईतला दोरा बघत ऐकत होत्या.

"झालं सांगून?"

"झालं."

"त्यांनी लपवलं नाही हे मला ठाऊकच होतं, भाऊ. माझ्या कानात सांगून काय उपयोग? बोललात कुठे, आणि सांगताय कुठे!"

त्याने फळीवरच्या शर्टांकडे बघितलं. मग म्हणाला, "काकांचा खडू आहे? कापडावर खुणा करायचा, निळा?"

काकूंनी खण उघडून खडूचा झिजलेला तुकडा दिला. कशाला, ते विचारलं नाही.

सोमवारी पाळी लागली. चार तास सगळे बांधलेले. त्याने साडेतीन तास जाऊ दिले. मग ट्रॉली पाच नंबरशी आणली. तिथे नवा पेशंट अजून आला नव्हता.

"सगळ्यांनी इकडे बघा."

"भाषण आहे का?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "आम्ही काय पळून जाणार!"

त्याने ग्लोव्हज घातले, काकांचा खडू चुरून चिमटीत घेतला आणि उजव्या अंगठ्याला चोळला. अंगठा निळाशार झाला. "हे पाच नंबरचं रक्त समजा." पाच नंबरच्या रिकाम्या खुर्चीच्या हातावर गॉझ ठेवून दाबलं. मग रोजच्यासारखं स्पिरिट ओतलं, रोजच्यासारखं चोळलं, ट्रॉलीवर मांडलेल्या दुसऱ्या गॉझवर अंगठा टेकवला. पुन्हा स्पिरिट, तिसरा गॉझ. चौथा. पाचवा. मग ते पाचही गॉझ त्याने ट्रेमध्ये ओळीने ठेवून खुर्चीखुर्चीशी नेऊन दाखवले. पहिला गडद. दुसरा निळा. तिसरा फिकट. पाचव्यावर आभाळाचा एक पुसट डाग, पण डाग.

"शिंपीकाकांनी काही लपवलं नाही. त्यांच्या अंगाला स्वतःलाच कळलं नव्हतं. आणलं कुणी ते ठाऊक नाही. वाटलं मी."

ड्रायव्हरने एक शिवी दिली, लांबलचक, आईवरून सुरू होऊन आजोबांपर्यंत जाणारी. ती देताना त्याचं ब्लड प्रेशर इतकं वाढलं की मशीन केकाटायला लागलं. याने सवयीने बटण दाबायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस," ड्रायव्हर म्हणाला. "मशीनलासुद्धा."

मास्तरीणबाई कितीतरी वेळ त्या दुसऱ्या गॉझकडे बघत होत्या. त्यांचा तो. "मी त्या माणसाचा शर्ट परत पाठवला," त्या म्हणाल्या. "पोस्टाने पाठवावा तसा, चिठ्ठीसुद्धा न लिहिता." मग याच्याकडे बघून, "आजपासून माझं भोक मी दाबेन."

मोठ्या डॉक्टरांनी त्याला त्याच दुपारी बोलावलं. पेशंटसमोर तमाशा केल्याबद्दल. चुकीबद्दल नव्हे हं, तमाशाबद्दल. तपासणीही चुकली होती हे सांगणारा पेशीवाल्या बाईंचा कागद टेबलावर आला म्हणून नोकरी वाचली, पण पेशंटपासून त्याला हटवलं. विभागाच्या मागे पाण्याची खोली असते. मशीनला लागणारं पाणी तिथे गाळून शुद्ध होतं. टाक्या, पाइप आणि दिवसभर घुमणारा पंप. तिथे त्याला बसवलं. खोलीला विभागाच्या बाजूने एक काच होती.

एक मात्र झालं. विषाणू स्वतः शोधणारी तपासणी सगळ्यांची करायला लागले, आणि ग्लोव्हजचा खोका प्रत्येक खुर्चीशी आला. बावीस वर्षांपूर्वी आला असता तर... पण वीस पावलं हे काही कारण नव्हे, हे त्याला ठाऊक होतं. चौघांना गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांत रक्त साफ होतं म्हणतात. नाव साफ करायची गोळी निघालेली नाही.

काचेतून तो मोजायचा. पहिल्या आठवड्यात एक खिडकीची बाही परतली. पुढच्या आठवड्यात चार. मग नऊ. ड्रायव्हर उघडाच बसायचा, दात वाजवत. त्याने शर्ट आणला नाही तो नाहीच. त्याचा राग शिंपीकाकांवर उरला नव्हता, पण राग ठेवायला दुसरी जागाही त्याला सापडत नव्हती. पाच नंबरवर नवा माणूस आला होता, मधे मधे हसणारा.

एका बुधवारी मास्तरीणबाईंच्या सुया काढल्या. निळा शर्ट, खिडकी उघडी, बाहीवर खडूची न पुसलेली रेघ. त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताने गॉझ दाबला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. पाच मिनिटांनी उचलून बघितला. लाल उसळलं. पुन्हा दाबला. टेक्निशियन काही म्हणाला, त्यांनी मान हलवून नकार दिला. मग त्यांनी काचेकडे बघितलं, फक्त एकदा, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोराकडे बघावं तसं.

याने उजवा अंगठा पाण्याच्या पाइपवर घट्ट दाबला आणि मनात मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. खाली पंप घुमत होता, वर काका. शंभरला त्याचं नख पांढरं पडलं. दोनशेला बाईंनी गॉझ उचलला.

रक्त थांबलं होतं. बाई झडपेची तिन्ही बटणं लावून उठल्या आणि निघून गेल्या. याने अंगठा पाइपवरून काढला नाही. टरररर, मधेच एक टाका सुटलेला, पुन्हा टरररर. तो तसाच मोजत राहिला, दोनशे एक, दोनशे दोन.